मूठभर, पण दर महिन्याला

(हा भाग ऐकायचा राहून गेला असेल, तर हे त्याचं लिखित रूप. बोलण्यातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी सरळ केली आहेत.)

रिसोडहून बोलतेय. आजचा विषय पैशांचा आहे, तेही मागण्याचा, त्यामुळे काहीजण आत्ताच पुढचा भाग लावतील. लावू नका. मी तुमच्याकडे आज पैसे मागणार नाहीये. मागायचे कसे, कशासाठी आणि कुणाकडे, एवढंच बोलणार आहे. आमच्या ट्रस्टचं पावतीपुस्तक माझ्याकडे असतं, त्यामुळे या विषयात लोक काय काय बोलतात ते मला पाठ झालंय.

आधी एक शब्द बाजूला काढू. डोनेशन. हा शब्द आपल्याकडे पार नासून गेलाय. इंग्रजीत त्याचा अर्थ दान. आपल्याकडे ‘त्या शाळेत डोनेशन किती आहे?’ असं विचारतात, म्हणजे प्रवेशासाठी टेबलाखालून किती द्यावे लागतात. महाराष्ट्रात १९८७ साली कॅपिटेशन फी घेण्यावर बंदी घालणारा कायदा झाला, पण शब्द काही सुधारला नाही. म्हणून आम्ही तो वापरतच नाही. देणगी म्हणतो. गावात गेलं की वर्गणी म्हणतो, कारण वर्गणी सगळ्यांना कळते. गणपतीची वर्गणी, भंडाऱ्याची वर्गणी, लोणीच्या सखाराम महाराजांच्या यात्रेतल्या महाप्रसादासाठी दिलेली वर्गणी. आमच्या तालुक्यात पैसे देण्याची सवय नाही असं कोणी म्हणालं तर त्याला लोणीला घेऊन जा.

पण शाळेसाठी म्हटलं की चेहरा बदलतो. मार्केट यार्डातले एक अडत दुकानदार काका आहेत, मोठ्या मनाचे माणूस. मी पावतीपुस्तक काढलं तर मला म्हणाले, “ताई, शाळा तं पैसे घेते बापा. शाळेले पैसे कोन देते?” मी समजावलं. मग म्हणाले, “बरं, म्या दोन पंखे देतो. पातीवर आमच्या बाबाचं नाव टाकजा.” मी म्हटलं, काका, पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही. ते हसले आणि म्हणाले, “लाईट गेली की येते ना वाचता.” आता यावर काय बोलणार? आमच्याकडे लाईट जाते हे खरंच आहे. पंखे घेतले, नावही टाकलं.

पण माझी खरी अडचण पंख्याची नव्हतीच. सांगते.

शाळा कशी आहे ते आधी थोडक्यात. मराठी माध्यमाची, लहान, रिसोडपासून थोडी आत. शाळेचं नाव आज मुद्दाम घेत नाही, कारण मग हा भाग जाहिरात होतो. सरकारी अनुदान नाही. आपल्या राज्यात शाळांच्या जाती बऱ्याच आहेत. जिल्हा परिषदेची शाळा, अनुदानित खासगी शाळा, विनाअनुदानित, मधल्या काळात ‘कायम विनाअनुदानित’ नावाचा एक अजब प्रकार होता, त्यातला ‘कायम’ शब्द २००९ साली काढला. मग २० टक्के, ४० टक्के असं टप्प्याटप्प्यानं अनुदान, आणि त्या टप्प्यांसाठी आझाद मैदानावर बसलेले शिक्षक तुम्ही बातम्यांत पाहिले असतील. आणि २०१२च्या कायद्यानं आलेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा, म्हणजे तुमचं तुम्ही बघा. आमची या शेवटच्या खान्यातली.

स्वयंअर्थसहाय्यित म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पिवळ्या बसेस आणि टाय येतो. बरोबरच आहे, बहुतेक तशाच असतात. फीवर चालतात. पण जिथं पालकांची फी द्यायची ऐपतच नाही तिथं अशी शाळा कशावर चालणार? आमच्याकडची निम्मी मुलं तांड्यांवरची आहेत. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जातात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. मुलं सोबत गेली की त्यांचं वर्षच गेलं. म्हणून तेवढे महिने ती शाळेतच राहतात, जेवतात. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, चांगली आहे, पण ती प्रत्येक मुलापर्यंत पोचतेच असं नाही.

मग सरकारच्या शाळेत का नाही पाठवत, असं विचाराल. जातात की. जिल्हा परिषदेच्या शाळा मोडून आमची शाळा चालावी असं आम्हाला मुळीच वाटत नाही. पण पहिलीतलं पोरगं घरून गोरमाटी बोलत येतं, आईला ‘याडी’ म्हणतं, आणि वर्गात सगळं मराठीत. त्याला सहा महिने तोंडच उघडता येत नाही. आमच्याकडे एक बाई आहेत, त्या स्वतः तांड्यावरच वाढलेल्या. त्या पहिले काही महिने गोरमाटीतून शिकवतात आणि हळूहळू मराठीवर आणतात. कुठल्याही परवानगीची वाट न बघता हे करता येतं, ते शाळा स्वतंत्र आहे म्हणून. आणि स्वतंत्र आहे म्हणूनच त्यांचा पगार कुठून येणार हा प्रश्न आहे. एकाच नाण्याच्या दोन बाजू.

शाळेची संस्था वेगळी आणि आमचा ट्रस्ट वेगळा. आम्ही सात जण आहोत. पैसे उभे करायचे, शाळेला द्यायचे आणि शाळेच्या कारभारात नाक खुपसायचं नाही, असं आधीच ठरलंय. कोणत्याही देणगीदाराच्या चिठ्ठीवर प्रवेश नाही. हे लिहून ठेवलंय, कारण तोंडी ठेवलं की दुसऱ्या वर्षी कोणाचा तरी भाचा येतोच.

आता पंख्याकडे परत. शाळेसाठी लोक काय देतात बघा. पंखे. बाकं. वॉटर कूलर. वह्या, त्या तर १५ ऑगस्टला इतक्या येतात की ठेवायला जागा नसते. खोली बांधून देणारे सुद्धा भेटतात, दारावर संगमरवरी पाटी लागते म्हणून. या सगळ्याचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण शाळेचा खर्च कशावर होतो? शिकवणाऱ्या माणसांवर. आणि पगाराला पाटी लावता येत नाही. ‘या बाईंचं ऑगस्ट महिन्याचं मानधन कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं त्यांच्या पदरावर थोडंच लिहिणार?

हा प्रश्न नवा नाही बरं का. शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं तो फार जमिनीवरून सोडवला होता, आणि तो तुम्हाला शाळेत दोन ओळींत उरकून शिकवला गेला असेल. कर्मवीर भाऊराव पाटील. ४ ऑक्टोबर १९१९, कऱ्हाड तालुक्यातलं काले गाव, रयत शिक्षण संस्था सुरू. १९२४ला मुक्काम साताऱ्यात. सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीत. त्या काळात. १९२७ साली त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं, महात्मा गांधींच्या हस्ते.

आता या मुलांना रोज खायला काय घालायचं? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्यांचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी मोडलं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, आणि ती ऐकून डोळ्यांत पाणी येतं. पण मला नेहमी वाटतं की आपण तिथंच थांबतो. एका बाईचे दागिने कितीही असले तरी ते एकदाच मोडता येतात. संस्था दागिन्यांवर चालली नाही, ती चालली मुष्टिफंडावर.

मुष्टिफंड म्हणजे काय, तर घरातल्या बाईनं दळणाच्या, स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला टाकायचं. ज्वारी असेल, बाजरी असेल, जे असेल ते. ते साठलं की शाळेकडून गोळा करायला यायचं. बस. आता याच्यातली अक्कल बघा. एक, ज्या घरात रोख रक्कम नाही त्या घरालाही देता येतं. दोन, देणं बाईच्या हातात आहे, त्यासाठी नवऱ्याच्या खिशाकडे बघावं लागत नाही. तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते पुन्हा पुन्हा द्यायचं आहे. एकदा देऊन मोकळं होता येत नाही. मूठ टाकताना रोज आठवण होते की साताऱ्यात कोणाची तरी पोरं आपल्या ज्वारीवर शिकताहेत. मग ती शाळा आपोआप त्या घराची होते. घरातलं पोरगं मोठं झालं की त्याच शाळेत जातं.

अजून एक. भाऊरावांनी साताऱ्यात १९४७ला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. असं सांगितलं जातं की मोठी रक्कम देणारे एक गृहस्थ आले, अट एकच, नाव बदला. भाऊरावांनी नकार दिला. हा नकार देणं सोपं नव्हतं, पण शक्य होतं. कारण त्यांच्यामागे हजारो मुठी होत्या. एकाच माणसाच्या चेकवर संस्था उभी असती तर नाही म्हणता आलं असतं का? मला शंका आहे.

आणि हेच सरकारच्या बाबतीतही झालं. १९४८च्या सुमारास भाऊरावांचं मुंबई सरकारशी बिनसलं आणि रयतचं अनुदान थांबलं. मोठं संकट होतं. त्यात मध्यस्थी कोणी केली, तर आपल्या वऱ्हाडातल्या माणसानं. गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. ते मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांशी बोलले. हातात खराटा, डोक्यावर खापर, आणि मुख्यमंत्री त्यांचं ऐकतात. गाडगेबाबांनी पैसा किती गोळा केला असेल बघा, सगळा धर्मशाळांना, शाळांना. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ला त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. स्वतःकडे काही ठेवलं नाही. पैसे मागणाऱ्यावर लोक विश्वास कधी ठेवतात, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता कोणी म्हणेल, तुम्ही नावाच्या पाटीला फार नावं ठेवता. तर नाही. महर्षी कर्व्यांची गोष्ट उलटी आहे आणि तीही खरी आहे. १९१६ला त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, सुरुवातीला पैशांची कायम ओढाताण. १९२०ला सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले, विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. तेच आपलं एसएनडीटी. कर्व्यांनी अटी मान्य केल्या, आणि त्या विद्यापीठातून किती मुली शिकल्या. मग कर्वे चुकले का? मला नाही तसं वाटत. विद्यापीठ मुठीवर चालत नाही. पण मला कर्व्यांची दुसरी गोष्ट जास्त आवडते, जी कमी लोकांना माहीत असते. १९३६. वय ७८. या वयात त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं, ज्या खेड्यांत शाळा नाही तिथं शाळा काढायला. आणि पहिली देणगी स्वतःची. पेन्शन महिन्याला ७० रुपये, त्यातले १५ रुपये दर महिन्याला. मग पुण्यात दारोदार फिरून लोकांकडे वर्गणी मागितली. १५ लाख मिळवून दाखवलेला माणूस, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यातल्या शाळांसाठी चार-आठ आणे गोळा करत फिरतोय. का? कारण खेड्यातल्या मास्तराला दर महिन्याला पगार लागतो. तिथं १५ लाखांचा दाता येत नाही.

विदर्भात यायचं तर पंजाबराव देशमुखांची श्री शिवाजी शिक्षण संस्था, १९३२, अमरावती. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत पहिला मॅट्रिक झालेला माणूस त्यांच्या कुठल्या ना कुठल्या शाळेतला असतो. त्यावर कधीतरी स्वतंत्र भाग करायला हवा. आज मला जवळच्या काळातली एक शाळा सांगायची आहे.

रिसोडहून वाशीम, मंगरुळपीर, कारंजा करत अमरावतीच्या वाटेला लागलात की नांदगाव खंडेश्वर तालुका लागतो. तिथं मंगरूळ चव्हाळा गावाजवळ २०१२ साली एक शाळा उभी राहिली. नाव आहे ‘प्रश्नचिन्ह’. फासेपारधी मुलांची आश्रमशाळा. काढणारे मतीन भोसले, स्वतः पारधी समाजातले, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. कायम नोकरी सोडली. पारध्यांना इंग्रजांच्या १८७१च्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं, तो शिक्का १९५२ला कागदावरून निघाला, लोकांच्या डोक्यातून अजून निघालेला नाही. सिग्नलवर, रेल्वेत भीक मागणारी मुलं मतीनभाऊंनी गोळा केली. सरकारनं शाळा द्यावी म्हणून त्यांनी मुलांना घेऊन भीक मागण्याचं आंदोलन केलं, त्यात त्यांना अटकही झाली. पुढं ही शाळा लोकांनी दिलेल्या पैशांवर, धान्यावर, जुन्या कपड्यांवर चालली.

आणि मग समृद्धी महामार्ग आला. तोच, ज्यावरून आता आपण मुंबईला सुसाट जातो. महामार्गाच्या आखणीत शाळेची जागा गेली, वर्गखोल्या पाडल्या गेल्या. लोकांच्या वर्गणीतून बांधलेल्या भिंती. मी त्या बातम्या वाचल्या तेव्हा मला पाटीवाल्या खोल्या आठवल्या. खोली पाडता येते. ज्यांनी खोलीसाठी पैसे दिले त्यांचं देणं बुलडोझरखाली जातं. पण जे लोक दर महिन्याला मुलांच्या जेवणाला देत होते, त्यांचं देणं कशाखाली जाणार? शाळा बंद पडली नाही.

म्हणजे सरकारनं काहीच करू नये का? करायलाच हवं. शिक्षण हक्क कायदा २००९चा आहे, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचं शिक्षण ही सरकारची जबाबदारी आहे, लोकांच्या मुठीची नाही. मी ट्रस्टमध्ये असून हे बोलते. आमच्यासारख्या ट्रस्टचं कौतुक करता करता सरकार अंग काढून घेतं, हा धोका आहेच. पण पहिलीतलं पोरगं सरकारचं ठरेपर्यंत थांबत नाही, ते चौथीत जातं.

कंपन्यांबद्दलही बोलते, कारण प्रत्येक जण म्हणतो, सीएसआर घ्या ना. कायदा असा आहे की ५०० कोटींची नक्त मालमत्ता, किंवा १,००० कोटींची उलाढाल, किंवा ५ कोटींचा नफा, यातलं काहीही असलेल्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. आपला वाशीम तर केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, म्हणजे कंपन्यांचं लक्ष आहे. पण कंपनीला काय आवडतं? फोटोत दिसेल असं. डिजिटल बोर्ड, टॅब, रंगवलेल्या भिंती. प्रकल्पाला मुदत असते, दोन-तीन वर्षं, मग त्या दुसऱ्या जिल्ह्यात. त्यांचं चुकतं असं नाही, त्यांच्या ऑडिटला तेच लागतं. पण सीएसआरवर शिक्षक नेमले आणि तिसऱ्या वर्षी कंपनी गेली, तर त्या शिक्षकांना काय सांगायचं? म्हणून आम्ही ठरवलं, कंपनीकडून वस्तू चालतील, माणसांचे पगार नाही. सात जणांत यावर भांडण झालं. दोघांना अजून पटलेलं नाही.

मग पगार कुठून? इथं तुम्ही येता. तुम्ही म्हणजे मोबाईलवर हे ऐकणारे.

गावातले शेतकरी देतात. सोयाबीन निघालं की देतात, रोख नाही तर पोतं. पण २०२४-२५ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या बराच खाली विकावं लागलं. त्या वर्षी मी कोणत्या तोंडानं पावतीपुस्तक घेऊन बांधावर जाऊ? तरी मुष्टिफंड आम्ही चालवतोच, जुन्या पद्धतीनं. तूर, गहू, हरभरा. ते थेट ऊसतोडीच्या मुलांच्या स्वयंपाकघरात जातं. एक आजी डब्यात तुरीची डाळ घेऊन येतात, स्वतः पाखडलेली, आणि मला आधी विचारतात, मागच्या वेळची संपली का? संपली नसेल तर देत नाहीत. ‘किडे पडतीन’ म्हणतात. आजींकडून शिकावं असा हिशेब आहे.

पण मानधन रोखीत लागतं. आणि रोख पगार ज्यांच्या हातात दर महिन्याला येतो ती आमच्या तालुक्यातली पोरं-पोरी आता चाकणला आहेत, हिंजवडीला आहेत, संभाजीनगरच्या वाळूजमध्ये आहेत. शिक्षकाला महिन्याला १२ हजार द्यायचे म्हटले तर २०० रुपये देणारी ६० माणसं लागतात. वर्षाचे १ लाख ४४ हजार. कुणा एकाकडे १ लाख ४४ हजार मागून बघा. आणि साठ जणांकडे २०० मागून बघा. दुसरं जास्त खटपटीचं आहे, पण साठातले पाच गळले तरी शाळा चालते. एकातला एक गळला की संपलं.

यूपीआय ऑटोपे तुम्ही ओटीटीसाठी लावलेलं असतंच. तेच इथं चालतं. पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो, नको वाटलं तर ॲपमधून थांबवता येतं, त्यासाठी आम्हाला फोन करायची, लाजायची गरज नाही. आम्ही ७ तारीख ठेवली आहे, कारण बऱ्याच कंपन्यांत पगार तोपर्यंत होतो. पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्यांकडे आम्ही मागत नाही. त्यांच्या मेसचं बिल आधी.

आता सगळ्यात कामाचं. कोणत्याही शाळेला, कोणत्याही ट्रस्टला पैसे देताना काय बघायचं. आमच्या शत्रूंनाही सांगेन अशी माहिती आहे. क्यूआर कोड स्कॅन केला की स्क्रीनवर नाव येतं. ते ट्रस्टचं आहे की कोणा माणसाचं? माणसाचं असेल तर थांबा, मग तो माणूस कितीही सज्जन असो. ट्रस्टचा नोंदणी क्रमांक मागा, १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी असते, दर वर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तो हिशेब दाखवा म्हणा. जो रागावला त्याला देऊ नका. पावती मागा, १० रुपयांची असली तरी.

आणि ‘८० जी’ची भुरळ पडू देऊ नका. ट्रस्टला ८० जी असेल तर देणगीवर करात सूट मिळते, साधारण निम्म्या रकमेवर, पण रोख २,००० रुपयांच्या वर दिलेत तर नाही, आणि ट्रस्टनं तुम्हाला १०-बीई नावाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. मुख्य म्हणजे हे सगळं जुन्या करप्रणालीत. तुमच्यापैकी बरेच जण नव्या प्रणालीत आहेत, आणि २०२५-२६पासून तिथं १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. म्हणजे २०० रुपयांवर तुमची कर-बचत शून्य. कोणी ८० जीचं गाजर दाखवून पैसे मागत असेल तर त्याला हे विचारा. मी तरी सांगते की सूट-बिट काही नाही, देणं असेल तर द्या.

एक मुलगा आहे, आमच्याच शाळेजवळच्या गावचा, चाकणला कंपनीत. दर महिन्याला १०१ रुपये. मी त्याला एकदा विचारलं, अरे १०० का नाही ठेवत, तर म्हणतो, “ताई, शंभर म्हणजे बिल भरल्यासारखं वाटते. एकशे एक म्हणजे आहेर.” त्याच्या दोन्ही बहिणी शाळेत आहेत असं काही नाही हं. त्याला बहिणीच नाहीत.

आता सध्या काय चाललंय ते सांगून थांबते. त्या गोरमाटीतून शिकवणाऱ्या बाई, त्यांना वाशीमच्या एका इंग्रजी शाळेनं बोलावलंय. पगार आमच्यापेक्षा बराच जास्त. त्यांनी मला सरळ सांगितलं, “ताई, मला इथंच राहायचं आहे, पण घरी दोन म्हातारी माणसं आहेत. बारा महिन्यांचं पक्कं सांगा, मी थांबते. दर महिन्याला ‘बघू’ म्हणालात तर नाही.” त्यांचं बरोबर आहे. त्यागाच्या गोष्टी लक्ष्मीबाईंच्या सांगायच्या आणि त्यांच्या नावावर आजच्या बाईला अर्ध्या पगारात राबवायचं, हे मला मान्य नाही. शाळा जूनच्या शेवटी भरते, पण त्यांना उत्तर एप्रिलमध्ये हवंय.

साठ माणसं लागतात म्हटलं ना. आज सकाळपर्यंत एकेचाळीस आहेत. त्यातल्या दोघांचं ऑटोपे मागच्या महिन्यात खात्यात पैसे नसल्यानं परत गेलं, त्यांना मी फोन केलेला नाही, करणारही नाही, पुढच्या ७ तारखेला आपोआप कळेल. अडत दुकानदार काकांकडे मी परवा पुन्हा गेले होते. या वेळी पंखा नको म्हटलं, महिन्याला २०० द्या. त्यांनी बराच वेळ पावतीपुस्तक उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, हिशेब कुठं लावता? शाळेच्या दारावर, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, आलेला पैसा आणि गेलेला पैसा, हातानं लिहून. म्हणाले, पाहून सांगतो.

सोमवार चार दिवसांवर आहे. मला अजून डाळीचा आणि गॅसचा हिशेब जुळवायचा आहे.